भंडारदऱ्याचे दरवाजे आणि नॅस्डॅकचा भाव

सकाळचे सव्वानऊ. नगरच्या सावेडीतल्या घरात चहा अजून गरम आहे आणि मोबाईलवर शेअरबाजार नुकताच उघडलाय. मी मोतीलाल ओसवाल नॅस्डॅक १०० ईटीएफचं, म्हणजे बाजारात शेअरसारख्या विकल्या जाणाऱ्या फंडाचं, पान काढून बसलोय. भाव क्षणाक्षणाला लुकलुकतोय, कधी हिरवा, कधी लाल. त्याखाली एका बाजूला घेणाऱ्यांच्या पाच बोली, दुसऱ्या बाजूला विकणाऱ्यांच्या पाच. कुणाला शंभर युनिट हवीत, कुणाला फक्त सात. सात युनिट मागणारा माणूस कोण असेल, कुठल्या गावात बसला असेल, असा विचार माझ्या मनात दर वेळी येतो.

आता घड्याळ न्यूयॉर्कचं बघा. उन्हाळ्याचे दिवस असतील तर तिथे आदल्या रात्रीचे पावणेबारा झालेत. नॅस्डॅकचा मुख्य बाजार बंद होऊन पावणेआठ तास लोटले. ज्या शंभरेक कंपन्यांचे शेअर या युनिटच्या पोटात आहेत, त्यांचा बाजार थेट आपल्या संध्याकाळी सातला उघडणार. हिवाळ्यात तर आठला. आपला बाजार साडेतीनला मिटतो. म्हणजे रोजच्या वेळापत्रकात हे दोन बाजार एकाच वेळी कधीही उघडे नसतात. तरी इथे भाव हलतोय. मग हलतंय तरी काय?

हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तेव्हापासून या साध्या दिसणाऱ्या युनिटकडे मी कुतूहलानं बघत आलोय. आपल्या बाजारातला फंड घ्यावा की पैसे अमेरिकेत पाठवून तिथला घ्यावा, हा हिशेब पुष्कळ जण खर्चाच्या टक्केवारीवर उरकतात. खरं उत्तर त्या लुकलुकणाऱ्या आकड्यात दडलंय.

शेअर हा शब्द नगर जिल्ह्याला नवा नाही. इथे खेड्यात 'आमचा शेअर आहे' असं कुणी म्हणालं की तो साखर कारखान्याचाच, हे वेगळं सांगावं लागत नाही. लोणीच्या परिसरातल्या शेतकऱ्यांकडून विठ्ठलराव विखे पाटलांनी भागभांडवल गोळा केलं, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले आणि १९५० च्या अखेरीस प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना ऊस गाळू लागला. मुंबईच्या दलाल स्ट्रीटचं तोंडही न पाहिलेली माणसं भागधारक झाली. आमच्या अण्णांच्या ट्रंकेत असाच एका कारखान्याचा शेअर दाखला होता. कडा पिवळ्या पडलेल्या, निळ्या शाईतला अनुक्रमांक, खाली गोल शिक्का आणि दोन सह्या. अण्णा तो सातबाऱ्याच्या उताऱ्यासोबत ठेवायचे.

त्या दाखल्यामागचा नियम होता एक सभासद, एक मत. शेअर एक असो की पन्नास, मत एकच. नॅस्डॅक १०० चा नियम याच्या अगदी उलटा. जिचं बाजारमूल्य मोठं, तिला निर्देशांकात वाटा मोठा. ॲपल, मायक्रोसॉफ्ट, एनव्हिडिया यांच्यासारख्या मोजक्या कंपन्या निम्म्याच्या आसपास जागा व्यापतात आणि उरलेल्या नव्वदेक बाकीच्या जागेत दाटीवाटीनं बसतात. थोरल्या फारच फुगल्या तर निर्देशांकच त्यांची छाटणी करतो. मे २०११ मध्ये एकट्या ॲपलचा वाटा वीस टक्क्यांवरून बारा टक्क्यांवर आणला गेला. जुलै २०२३ मध्ये पुन्हा अशीच खास छाटणी झाली. दर डिसेंबरला यादी नव्यानं लागते, मागे पडलेल्यांना बाहेर काढून नव्यांना घेतलं जातं.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात नसते. हा 'टेक्नॉलॉजीचा' निर्देशांक असा कागदोपत्री नाहीच. ३१ जानेवारी १९८५ ला नॅस्डॅकनं एकाच वेळी दोन याद्या काढल्या, एक बँका-विमा कंपन्यांची आणि दुसरी त्या सोडून उरलेल्या सर्वांत मोठ्या शंभरांची. ही दुसरी म्हणजे नॅस्डॅक १००. म्हणून त्यात थंड पेयं विकणारी पेप्सिको सापडते, घाऊक किराणा विकणारी कॉस्टको सापडते, बँक मात्र एकही नाही. नव्या धंद्यातल्या कंपन्यांनी नॅस्डॅकवर नोंद करणं पसंत केलं आणि त्याच फोफावल्या, म्हणून यादी आपोआप टेक्नॉलॉजीकडे झुकली. तसं कुणी ठरवलेलं नव्हतं.

आपल्याकडच्या माणसांचा या यादीशी आलेला संबंध तर मला गोष्टीसारखा वाटतो. १० मार्च १९९९ ला अमेरिकेत नॅस्डॅक १०० वरचा पहिला ईटीएफ सुरू झाला, तोच आज 'क्यूक्यूक्यू' या खुणेनं ओळखला जातो. दुसऱ्याच दिवशी, ११ मार्चला, इन्फोसिसची नॅस्डॅकवर नोंद झाली. भारतात नोंदलेल्या कंपनीचं हे तिथलं पहिलं पाऊल. हीच कंपनी १९८१ मध्ये सुधा मूर्तींनी दिलेल्या दहा हजार रुपयांवर पुण्यात उभी राहिली होती, नगरपासून जेमतेम सव्वाशे किलोमीटरवर. डिसेंबर २००६ मध्ये इन्फोसिस थेट नॅस्डॅक १०० मध्ये गेली. पुढची सहा वर्षं अमेरिकेतला जो कुणी क्यूक्यूक्यू घेत होता, त्याच्या पदरात आपोआप पुण्यात जन्मलेल्या कंपनीचा एक कण पडत होता. डिसेंबर २०१२ मध्ये इन्फोसिसनं आपली नोंद न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजकडे नेली आणि ती या यादीतून गेली.

तोवर उलट दिशेचा रस्ताही उघडला होता. मार्च २०११ मध्ये मोतीलाल ओसवालनं नॅस्डॅक १०० वरचा ईटीएफ आपल्या बाजारात आणला. अमेरिकी शेअरांच्या निर्देशांकावरचा भारतातला हा पहिला. तेव्हा डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, डिसेंबर २०२४ मध्ये त्यानं ८५ ओलांडले. म्हणजे या काळात निर्देशांक जागचा हलला नसता तरी केवळ रुपया घसरल्यामुळे वर्षाला साधारण पावणेपाच टक्के पदरात पडले असते. भारतातला फंड रुपयांत घेतला म्हणून डॉलरचा चढउतार टळत नाही. पोटातला माल डॉलरचाच असतो.

आता त्या हलणाऱ्या आकड्याकडे येऊ. सकाळी भाव हलतो त्याचं एक कारण डॉलरचा दर. दुसरं कारण निर्देशांकाचे वायदे. ते जवळजवळ चोवीस तास चालतात, त्यामुळे संध्याकाळी नॅस्डॅक कसा उघडेल याचा अंदाज भावात आधीच उतरत जातो. ही दोन्ही कारणं रास्त. तिसरं कारण मला भाचीनं दाखवलं. ती पुण्यात नोकरी करते. मी भाव वाचून दाखवत होतो तर म्हणाली, "मामा, भाव नका बघू, आयएनएव्ही बघा."

आयएनएव्ही म्हणजे युनिटच्या पोटातल्या शेअरांची या घडीची अंदाजी किंमत. फंड कंपनीच्या संकेतस्थळावर ती दिवसभर दिसते. मी ती काढली. बाजारातला भाव तिच्यापेक्षा दहा टक्क्यांहून वर होता. शंभराची नोट लोक एकशेदहाहून जास्त देऊन घेत होते, आणि घेणाऱ्यांची रांग होती.

असं व्हायला नको. ईटीएफची सगळी करामतच मुळी असं होऊ नये म्हणून आहे. ती करामत समजून घ्यायला आपल्या जिल्ह्यासारखी दुसरी जागा नाही, कारण पाणी दरवाजे उघडून कसं येतं हे इथे पोरासोरांनाही ठाऊक असतं.

अकोले तालुक्यातलं भंडारदऱ्याचं धरण १९१० ला बांधायला घेतलं आणि १९२६ ला पुरं झालं. तिथून प्रवरेत पाणी सुटतं, पुढे डाव्या-उजव्या कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडे जातं. आवर्तन ठरलं की शेतकरी सात नंबरचा फॉर्म भरून पाण्याची मागणी नोंदवतो, पाटकरी चारीला पाणी सोडतो. पाट वाहत असला की कुणी टँकर विकत घेत नाही. घेतलाच तर भाव बेताचा, कारण महाग म्हटलं तर माणूस पाटाकडे वळेल. आवर्तन बंद झालं की मात्र टँकरवाला सांगेल तो भाव. पाण्यात काही फरक पडलेला नसतो, पाण्याचा रस्ता बंद झालेला असतो.

ईटीएफचं अगदी असंच चालतं. फंड कंपनीजवळ खऱ्या शेअरांचा साठा असतो, ते धरण. बाजारात युनिट इकडून तिकडे विकली जातात, तो टँकरचा व्यवहार. दोहोंच्या मध्ये एक दरवाजा आहे आणि त्यावर मार्केट मेकर नावाचे मोठे व्यापारी बसलेले असतात. बाजारात युनिट महाग झालं की ते फंड कंपनीला पैसे देतात, कंपनी तेवढे शेअर घेऊन नवी युनिटं तयार करून देते, ते ती बाजारात विकतात आणि भाव खाली येतो. युनिट स्वस्त झालं की उलटा प्रवास होतो. बाजारातून युनिटं उचलायची, कंपनीला परत द्यायची, पैसे घ्यायचे. भाव पुन्हा वर सरकतो. आपल्यासारख्याला हा दरवाजा दिसत नाही, कारण थेट कंपनीकडे जायला २५ कोटींहून मोठा व्यवहार लागतो. सात युनिट मागणारा माणूस टँकरच्या रांगेतला. पण दरवाजा उघडा असेपर्यंत त्यालाही धरणाच्याच भावानं मिळतं. कुणी भाव नेमून दिलेला नाही, कुणी तपासनीस उभा नाही. दोन पैशांच्या फायद्यासाठी धावणाऱ्या माणसांमुळे भाव आपोआप खऱ्या किमतीला चिकटून राहतो. या करामतीपुढे मला आजही हात जोडावेसे वाटतात.

मग माझ्या युनिटचा भाव दहा टक्के वर कसा? परदेशी शेअरांच्या फंडाला नवी युनिटं करायची तर डॉलर बाहेर पाठवावे लागतात. तिथे अडलं. देशातल्या सगळ्या म्युच्युअल फंडांनी मिळून परदेशात किती गुंतवायचं याची रिझर्व्ह बँकेची हद्द ७ अब्ज डॉलर आहे आणि ती २००८ पासूनची. परदेशी ईटीएफमध्ये गुंतवायला वेगळी हद्द १ अब्ज डॉलरची. २०२२ च्या सुरुवातीला पहिली हद्द भरत आली आणि सेबीनं फेब्रुवारीपासून नवे पैसे घेणं थांबवायला सांगितलं. जूनमध्ये सवलत मिळाली, पण जेवढे पैसे बाहेर पडतील तेवढेच आत घ्यायचे, एवढीच. एप्रिल २०२४ पासून दुसरी हद्दही भरल्यामुळे परदेशी ईटीएफ घेणाऱ्या योजनांची दारं लागली. आवर्तन बंद, मागणी चालूच.

इथे मला सगळ्यात चकित करणारी गोष्ट अशी की दरवाजा एकाच बाजूनं बंद आहे. युनिटं परत देऊन पैसे घ्यायची वाट खुली आहे. त्यामुळे भाव खऱ्या किमतीच्या फार खाली जाऊ शकत नाही, व्यापारी लगेच उचलतील. वर मात्र कितीही जाऊ शकतो, कारण वरून दाबणारं कुणी उरलेलं नाही. टँकरच्या भावाला तळ आहे, छत नाही.

समजा आयएनएव्ही २०० आहे आणि तुम्ही २३० ला घेतलं. पंधरा टक्के वरचे. पुढच्या वर्षी निर्देशांक पंधरा टक्के चढला, खरी किंमत २३० झाली आणि त्याच सुमारास हद्द वाढवून दरवाजा उघडला. तुमच्या हाती २३०. वर्षभराची अमेरिकेची सगळी कमाई गेली टँकरवाल्याच्या खिशात. विकतानाही कुणी पंधरा टक्के वर दिले तर तुमचं काही बिघडलं नाही, हे खरं. पण तेव्हा तुमची भिस्त कंपन्यांच्या कमाईवर नसते, रिझर्व्ह बँकेच्या एका परिपत्रकावर असते. म्हणून माझं ठाम मत झालंय की दोन-तीन टक्क्यांहून वरचा भाव दिसला तर बाजारातून ते युनिट घेऊ नये. त्याऐवजी एनएव्हीच्या, म्हणजे खऱ्या किमतीच्या, भावानं युनिट देणारे इंडेक्स फंड आणि फंड ऑफ फंड आहेत. ते अधूनमधून दार उघडतात, तेवढ्यात घ्यावं.

मग आपलाच निफ्टी आयटी का नको, असं कुणीही विचारेल. त्यावरचे ईटीएफ आपल्याकडे आहेत, दरवाजा सताड उघडा, भाव खऱ्या किमतीच्या जवळ. बारा महिन्यांनंतर विकलं तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, पुढे साडेबारा टक्के. परदेशी शेअरांच्या आपल्याकडच्या ईटीएफलाही बारा महिन्यांनंतर साडेबाराच, पण ती सव्वा लाखाची सूट नाही. एवढं सोपं असताना बाहेर कशाला जायचं?

कारण या दोन वेगळ्या वस्तू आहेत. निफ्टी आयटीत दहाच कंपन्या, आणि इन्फोसिस व टीसीएस या दोघींचाच वाटा निम्म्याच्या घरात. त्या माणसांचं कसब विकतात. त्यांची गिऱ्हाइकं मुख्यतः अमेरिका-युरोपातली, म्हणजे हा 'देशी' फंडही डॉलरवरच पोसलेला. नॅस्डॅकमधल्या कंपन्या चिप बनवतात, फोन बनवतात, जगभरच्या दुकानदारांची जाहिरात विकतात. कृत्रिम बुद्धिमत्तेचं जे वारं सुटलंय त्यात एनव्हिडियाची चांदी होते आणि तासावर कसब विकणाऱ्यांच्या पोटात गोळा येतो. एकाच्या जागी दुसरं घेणं म्हणजे उसाऐवजी कांदा लावणं. दोन्ही नगदी पिकं खरी, पण दोहोंचं नशीब एका पावसावर चालत नाही.

राहिला थेट बाहेरचा रस्ता. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं वर्षाला २५ हजार डॉलर पाठवायची मुभा दिली, आज ती अडीच लाख डॉलर आहे. बँकेत ए-टू नावाचा फॉर्म भरायचा, पॅन द्यायचा, पैसे कशासाठी चाललेत त्याचा संकेतांक लिहायचा. मी तो पहिल्यांदा भरला तेव्हा शाखेतल्या काउंटरवर अर्धा तास गेला. त्या रकान्यांवर पेन फिरवताना हाताला सूक्ष्म कंप होता हेही सांगतो. आपल्या कष्टाचा पैसा समुद्रापार चाललाय ही जाणीव काही वेगळीच असते. वर्षाला दहा लाखांच्या वर पाठवलं तर वरच्या रकमेवर वीस टक्के कर तिथेच कापून घेतात. विवरणपत्रात तो वजा होतो, पण तोवर अडकून पडतो. बँक डॉलरच्या दरातही आपला वाटा ठेवते. नफ्यावरच्या साडेबारा टक्क्यांसाठी बारा नव्हे, चोवीस महिने थांबावं लागतं. लाभांशातून अमेरिका पंचवीस टक्के आधीच कापते. आणि दर वर्षी विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावा लागतो, एक युनिट असलं तरी. एवढं केल्यावर तिथे दरवाजे उघडे आहेत आणि भाव खऱ्या किमतीला चिकटलेला आहे. लाख-दोन लाखांसाठी हा खटाटोप मला जड वाटतो. रक्कम मोठी आणि मुदत पंधरा-वीस वर्षांची असेल तर वेगळं.

मुदत लांब असावी हे मी आकडे पाहून म्हणतोय. क्यूक्यूक्यू सुरू झाला त्याला बरोबर वर्ष होत असताना, १० मार्च २००० ला, नॅस्डॅक कंपोझिट हा त्या बाजाराचा एकूण निर्देशांक ५,०४८ वर जाऊन बसला. ऑक्टोबर २००२ पर्यंत तो ७८ टक्के खचला. ती उंची पुन्हा दिसायला २०१५ उजाडलं. हे देशी रस्त्यानं गेलात तरी तसंच सोसावं लागेल, परदेशी रस्त्यानं गेलात तरी तसंच.

एक गोष्ट मात्र रस्त्यावरच ठरते आणि तिच्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. अमेरिकेत नोंदलेला शेअर किंवा ईटीएफ नावावर असताना परदेशी माणूस वारला तर तिथला वारसा कर लागतो. सूट फक्त ६० हजार डॉलरची, ८५ च्या दरानं ५१ लाख रुपये. त्यावरच्या रकमेवर कर ४० टक्क्यांपर्यंत चढतो. घरच्यांना मृत्यूनंतर नऊ महिन्यांच्या आत ७०६-एनए नावाचा अमेरिकी फॉर्म भरावा लागतो. आपल्या देशाचा आणि अमेरिकेचा वारसा कराबाबत करार नाही. यातून सुटायला पुष्कळ जण आयर्लंडमध्ये नोंदलेला नॅस्डॅक १०० ईटीएफ घेतात. त्यावर हा कर लागत नाही, आणि आत लाभांशातली कपातही पंधरा टक्क्यांवर येते. तेच शंभर शेअर, फक्त डब्लिनच्या पत्त्यावर ठेवलेले. भारतातला फंड घेतला तर हा प्रश्नच येत नाही. तुमचं युनिट मुंबईतल्या फंडाचं, नॉमिनीच्या नावावर इथेच होतं.

अण्णा गेले तेव्हा त्यांचा कारखान्याचा शेअर माझ्या नावावर करायला मृत्यूचा दाखला, एक अर्ज आणि वारसांच्या सह्या लागल्या होत्या. तो दाखला आता मी एका प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये ठेवलाय. त्याच फाईलमध्ये अमेरिकी दलालाच्या खात्याचा कागद आहे, बँकेचे ए-टू फॉर्म आहेत, वर एका पानावर खात्याचा क्रमांक आणि पुढे काय करायचं ते सहा ओळींत मराठीत लिहिलंय. भाचीला फाईल कुठे असते ते दाखवून ठेवलं. तिनं ते पान वाचलं, सातबाराचा उतारा बघितला, मग पिवळ्या दाखल्यावरचा निळा अनुक्रमांक बोटानं चाचपून बघत म्हणाली, "मामा, याचा फोटो काढून ठेवू?"